बाल्साची टोपी

बाल्साचा ठोकळा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला रागच आला. चांगला वीटभर आकाराचा, आणि वजन म्हणावं तर काहीच नाही. मी म्हटलं, "हे काय लाकूड हाये जी? फसवलं तुमाले कोनं तरी." मास्तर हसले. ठोकळा गालाला लावून म्हणाले, "असंच असते हे. बाहेरदेशीचं झाड हाये. पऱ्हाटीच्या काडीपेक्षा हलकं."

मास्तर म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशा घरात मी वाढले आणि ती सवय म्हातारपणीही सुटलेली नाही, म्हणून इथेही त्यांना मास्तरच म्हणते. अमरावतीच्या एका खाजगी शाळेत ते सुतारकाम आणि पुठ्ठाकाम शिकवत, आणि जोडीला खालच्या वर्गांना विज्ञान. आम्ही दोघंही शेतकऱ्याच्या घरचे. ते त्यांच्या घरातले पहिले शिकलेले, आणि मी मराठी सातवी. ही गोष्ट साठ सालानंतरची. पेपरात दर आठवड्याला कोणी ना कोणी आकाशात काहीतरी सोडत होतं, आणि शाळेतली पोरं रॉकेटशिवाय दुसरं बोलत नव्हती. शाळेचा एक जुना विद्यार्थी विमानदलात लागला होता. त्यानं बाल्साचे ठोकळे भरलेलं एक खोकं शाळेला पाठवलं. कागदाच्या नळीची लहान रॉकेटं करा म्हणाला, आणि त्यांची टोकं या लाकडाची करा.

आता खरी गोष्ट सांगते. मास्तरांचे डोळे जात होते.

आधी संध्याकाळ झाली की दिसेना. मग दिवसाही कडेचं दिसेना. समोर ताटाएवढं दिसायचं, ते वाटीएवढं झालं, मग रुपयाएवढं. नळीतून पाहिल्यासारखं, असं ते सांगायचे. समोरच्या माणसाचं नाक दिसायचं पण त्याच्या हातातला कप दिसायचा नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि नस सुकत चालली आहे, याला औषध नाही, असं तोंडावर सांगितलं. मी तरीही सगळं करून पाहिलं. डोळ्यांत मध घातला, गाजरं खाऊ घातली, कौंडण्यपूरच्या जत्रेत वर्धा नदीत ओलेत्यानं उभी राहून नवस बोलले. देवाशी भांडलेसुद्धा. काही झालं नाही.

शाळेत कळलं असतं तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. आंधळ्या माणसाच्या हाती करवत देऊन पोरांसमोर कोण उभं करणार? घरात दोन पोरी, दोघी शाळेच्या वयाच्या. गावाकडे दिरांच्या हाताखाली जाऊन पडायचं, पोरींना निंदणाला पाठवायचं आणि मास्तरांनी ओसरीवर बसून राहायचं, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. त्या भीतीनं मी आतून पोखरून गेले होते.

म्हणून आम्ही लपवलं. पाठ्यपुस्तक मी मोठ्यानं वाचायची आणि ते पाठ करायचे. पेपर मी तपासायची. हजेरीला पोरांचे आवाज त्यांना पुरायचे. आणि शाळेत सोडायला मी त्यांच्या पुढे चालायची. आमच्याकडे बाईनं नवऱ्याच्या दोन पावलं मागे चालायचं असतं. मी अर्धं पाऊल पुढे, बांगड्या वाजवत. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मास्तरीण लय शिकली, नवऱ्याले मागं ठेवून चालते. एकीनं तर तोंडावर विचारलं, काय वं, मास्तर पळून जाते का? मी म्हटलं, हो, ते तुमच्याच दारात येते म्हणून मी पुढं चालतो. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. बरंच झालं.

पण किती दिवस लपणार? एकदा फळ्यावर आधीच लिहिलेलं होतं, त्यावरच मास्तरांनी दुसरं लिहिलं. वर्ग हसला, आणि नेमके हेडमास्तर दारात उभे होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. वकिलाच्या घरातले, बोलणं मोजून. त्यांनी मास्तरांना खोलीत बोलावून घेतलं आणि जे सांगितलं ते मास्तरांनी मला घरी आल्यावर जेवता जेवता जसंच्या तसं ऐकवलं. "मास्तर, स्पष्टच बोलतो. तुमच्या डोळ्यांबद्दलची कुजबुज संस्थेपर्यंत गेली आहे. अकोल्याला शाळांचं विज्ञान प्रदर्शन आहे, शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर रॉकेट स्वतःच्या हातानं जोडा आणि उडवा. मग मला कुणी काही विचारणार नाही. नाही जमलं, तर तुमची तपासणी करवून घेणं मला भाग पडेल."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. हो म्हटलं." त्यांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवायला हात नेला तो वाटीच्या बाहेर गेला. मी वाटी सरकवून त्यांच्या बोटांखाली आणली.

रॉकेट म्हणजे तसं सोपं प्रकरण. कागदाची नळी, खाली लाकडाचे तीन पंख, आत शोभेच्या दारूचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसानं भरून दिलेला नळा. वर कापडाची घडी केलेली छत्री, आणि सगळ्यात वर हे बाल्साचं टोक. साहेब लोक त्याला नोज कोन म्हणत, आमच्या घरात ती टोपी झाली. रॉकेट वर पोचलं की नळ्यातली उरलेली चिमूटभर दारू आतल्या आत फुटते, टोपी ढकलली जाते आणि छत्री बाहेर येते. टोपी घट्ट बसली तर छत्री आतच राहते आणि रॉकेट डोक्यानं खाली आपटतं. सैल बसली तर वर जातानाच वाऱ्यानं उडते. म्हणजे सगळा जीव त्या टोपीत.

पहिली टोपी आम्ही दोघांनी मिळून वाया घालवली. मास्तरांनी ठोकळ्याला चाकूनं ढोबळ आकार दिला आणि पुठ्ठ्यात अर्ध्या टोपीचा आकार कापून घेतला. तो पुठ्ठा टोपीला लावून मी खिडकीसमोर धरायचा, आणि जिथून उजेड दिसेल ते सांगायचं. मी म्हणायची उजवीकडे. माझी उजवी की त्यांची, हे कोणी ठरवलं होतं? त्यांनी भलतीच बाजू घासली. बाल्सा इतकं मऊ की नख लागलं तरी खड्डा पडतो. टोपी एका अंगाला कलली ती कललीच.

"तुले दिसते तरी दिसत नाही," ते म्हणाले.

मला सणक आली. "आन् तुमाले दिसत नाही ते तरी कबूल करा."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं मी कधी बोलले नव्हते. ते उठून परसात गेले आणि तिथल्या दगडावर जाऊन बसले. मी चुलीसमोर बसून रडले. मला त्यांचा राग नव्हता आला, मला भीती वाटत होती, आणि भीती बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. थोड्या वेळानं ते आत आले आणि म्हणाले, "दुसरा ठोकळा दे."

दुसऱ्या ठोकळ्याला मी डोकं चालवलं. पुठ्ठ्याच्या कडेला काजळ लावलं. पुठ्ठा टोपीवर ठेवून गोल फिरवला की जिथे लाकूड जास्त आहे तिथेच काळं लागायचं. मग उजवं-डावं काही नाही. मी त्यांचा अंगठा धरायची आणि त्या काळ्या डागावर नेऊन ठेवायची. ते तिथे काचकागद घासायचे, मी पुन्हा पुठ्ठा फिरवायची, पुन्हा अंगठा धरायची. शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत आमचं हेच चालायचं. स्वयंपाक रोज उशिरा व्हायला लागला. पोरी कुरकुरायच्या.

आकार आला की गुळगुळीत करणं आलं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, त्यात माझ्या डब्यातली अंगाची पावडर. तो लेप दिला की लाकडाच्या रेषा केसासारख्या उभ्या राहायच्या. वाळू द्यायचं, झिजलेल्या काचकागदानं हलक्या हातानं घासायचं, पुन्हा लेप. घरभर स्पिरिटचा वास. शेजारीण नाकाला पदर लावून विचारून गेली, मास्तर प्यायला लागले की काय. मी हो म्हटलं. दारूची बदनामी चालली असती, डोळ्यांची नसती चालली.

किती गुळगुळीत झालं हे मास्तर बोटानं नाही, ओठानं पाहायचे. काचकागदानं बोटं बधिर होतात, ओठ होत नाहीत, म्हणायचे. टोपी खालच्या ओठावरून हळू फिरवायची आणि कुठे खरखर लागली की थांबायचं. धाकटी हसायची, बाबा रॉकेटचा मुका घेऊन राहिले म्हणून. मला हसू येत नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहत बसायची. इतका निवांत चेहरा त्या वर्षात मी दुसऱ्या कुठल्या वेळी पाहिला नाही.

शेवटी मी लाल रंग दिला. रंगात ब्रशचा एक केस अडकला होता, तो सुईनं काढला. टोपीचा जो भाग नळीच्या आत जातो त्याला लेप नाही की रंग नाही, तिथे लाकूड कोरं ठेवायचं. आणि तिथेच खरी मारामारी होती. थंडीचे दिवस. सकाळी दवानं ती टोपी घट्ट बसायची, उन्हं वर आली की सैल. एक दिवस सकाळी मास्तरांनी घासून बसवली आणि दुपारी उचलली तर आपोआप निघून खाली पडली. नशीब, गोधडीवर पडली. ते डोकं धरून बसले. "आता गेलं सगळं," म्हणाले. "माझ्यानं होत नाही वं."

मी पोस्टाच्या तिकिटांच्या कडेची डिंक लावलेली पट्टी शोधून आणली. ती ओली करून आतल्या भागाला एक वेढा दिला. मग ठरवलं, प्रदर्शन दुपारी आहे तर माप दुपारीच घ्यायचं, उन्हात. भर दुपारी गच्चीवर दोघं बसलो. नळी उलटी धरून हलवली तरी टोपी पडता कामा नये, आणि खालून तोंडानं फुंकर मारली की सुटली पाहिजे. ते फुंकायचे, मी पदर धरून झेलायची. नाही सुटली की कागदावर काचकागदाचे एक-दोन हात, पुन्हा फुंकर. शेवटी अशी सुटायला लागली की पदरात आली तेव्हाच कळायचं.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली. खोकं माझ्या मांडीवर, टोपी सरकीच्या कापसात. गाडीत मास्तर हलक्या आवाजात एकेक गोष्ट घोकत होते, आधी दांडी, मग नळी, मग छत्री, मग टोपी. मध्येच म्हणाले, "नाही जमलं तर तू मले बोलू नको." मी म्हटलं, "जमते."

मुद्दाम सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचलो. टेबलापासून रॉकेट उभं करायच्या दांडीच्या जागेपर्यंत मी त्यांना पुन्हा पुन्हा चालवलं. वाटेत एक खुंटी होती, ती मी दगडानं उपटून फेकली. वात पेटवली की मागे वळायचं आणि माझ्या बांगड्यांच्या दिशेनं यायचं, असं ठरलं. मग हेडमास्तर आले, शाळाशाळांची पोरं आली, आणि साहेब आले. पुण्याकडचे असावेत. उंच, आवाज मऊ. ते येऊन थेट मास्तरांच्या शेजारी उभे राहिले. मी टेबलामागे खोकं सांभाळायला म्हणून थांबले होते.

मास्तरांचे हात असे चालले की मीच पाहत राहिले. दांडी उभी केली, नळी तिला लावली. छत्रीची घडी आत सरकवली, दोऱ्याचं टोक टोपीच्या कडीत ओवलं. पहिल्याच खेपेला गेलं. टोपी नळीवर ठेवली, एक वेढा फिरवून बसवली. साहेबांनी वाकून तिच्यावरून बोट फिरवलं.

"जोड कुठे आहे तेच कळत नाही," ते म्हणाले. मग हेडमास्तरांकडे वळून, आवाज न लपवता बोलले, "यांच्या डोळ्यांबद्दल तुम्ही म्हणत होतात? अहो, दिसत नसलेल्या माणसाचं काम आहे का हे?"

हेडमास्तर हसले. मनापासून हसले, त्यांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं असावं. मी टेबलाला टेकले. झालं, मला वाटलं. वाचलो. पोरी शिकतील. येत्या पोळ्याला गावाकडे जाऊ ते पाहुणे म्हणूनच जाऊ.

मास्तरांनी उदबत्तीनं वात पेटवली आणि वळले. मी बांगड्या वाजवल्या. ते सरळ चालत माझ्याजवळ आले, साहेबही मागोमाग आले. सुं झालं आणि रॉकेट गेलं. धुराची रेघ सरळ वर. वर बारीकसा फटाका वाजला. ऊन इतकं लख्ख होतं की मलाही क्षणभर काही दिसलं नाही, आणि मग दिसलं. लाल टोपी सुटली होती आणि तिच्यामागून छत्री उलगडत बाहेर येत होती. वारा पूर्वेकडे होता. छत्री तिकडे सरकायला लागली आणि मैदानावरची सगळी तोंडं तिच्याबरोबर वळत गेली. साहेबांचं तोंड वळलं, हेडमास्तरांचं वळलं. पोरं ओरडत पळत सुटली.

मास्तर सरळ वर पाहत होते. जिथून आवाज आला होता तिथेच. त्यांच्या त्या रुपयाएवढ्या आभाळात काही नव्हतं.

मी त्यांना हात धरून वळवायला हवं होतं, पण आमच्या मध्ये टेबल होतं आणि साहेब होते. मला वाटलं, कोणी इकडे पाहत नाही, सगळे वरच पाहताहेत, एवढे चार क्षण निघून जाऊ देत. पण मास्तर कान देऊन होते. आपटल्याचा आवाज येतो का, ते ऐकत होते. आवाज येत नव्हता. पोरं ओरडत होती, पण पोरं रॉकेट आपटलं असतं तरी तशीच ओरडत पळाली असती. त्यांचा चेहरा ताणत गेला. इतके दिवस ओठावर फिरवलेली ती टोपी सुटली की नाही, हे त्या मैदानात एकट्या त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"उघडली का वं?" त्यांनी विचारलं.

मोठ्यानं विचारलं. साहेबांनी छत्रीवरची नजर काढली आणि मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग हळूच आपला हात त्यांच्या डोळ्याच्या अगदी कडेला हलवला. मास्तरांची पापणी हलली नाही. हेडमास्तरांनी मान खाली घातली.

नोकरी त्या एका प्रश्नानं गेली. पुढच्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला तेव्हा भाषा फार सभ्य होती. गावाकडे जावं लागलंच, आणि मी जे जे घाबरून पाहिलं होतं त्यातलं बरंचसं झालंच. पुष्कळ वर्षं मला वाटे, ते थोडं थांबले असते तर काय बिघडलं असतं. घरी जाऊन विचारता आलं असतं. मी रागानं त्यांना तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "माझ्यानं नाही थांबवलं."

पण तेव्हा, त्या मैदानावर, मला यातलं काहीच सुचलं नाही. माझा नवरा आभाळाकडे तोंड करून उत्तराची वाट पाहत उभा होता. टेबलाला वळसा घालून मी साहेबांच्या समोरून गेले आणि त्यांचा हात धरला.

"उघडली जी," मी म्हटलं. "पुरी उघडली. पूर्वेकडे चालली."

"टोपी?"

"टोपी दोऱ्याले लटकून हाये. हालून राहिली. आता लिंबाच्या झाडाच्या वर आली. आता खाली येऊन राहिली, हळूहळू." सगळे ऐकत होते. मी थांबले नाही. पोरांनी ती झेलली तेही सांगितलं, आणि एक पोरगा धावत घेऊन आला तेव्हा टोपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सगळ्यांसमोर ओठावरून फिरवली आणि म्हणाले, कुठं खरचटली नाही.